आधी डोळे पुसायचे, मग बोलायचं: इरोक्वाय लोकांविषयी

तुम्ही सहा महिन्यांसाठी मुलाकडे सिराक्यूजला निघाला आहात आणि तीन गोष्टी विचारल्या आहेत. इरोक्वाय लोक नेमके कोण, त्यांच्या दंतकथांपैकी कोणत्या जाणून घ्याव्यात, आणि अमेरिकेची राज्यघटना त्यांच्यावरून बेतली हे खरं का. मी सव्वीस वर्षं महाविद्यालयात मानवशास्त्र शिकवलं आणि त्यातला मोठा भाग नातेसंबंध आणि मौखिक परंपरा यांचा होता. या लोकांकडे दर वर्षी परत यावंच लागायचं, आणि मला ते मनापासून आवडायचं. म्हणून उत्तर लांबलं आहे.

पहिल्यांदा नाव. इरोक्वाय हा शब्द फ्रेंचांच्या लेखनातून रूढ झाला, या लोकांच्या स्वतःच्या कुठल्याच भाषेतला नाही. ते स्वतःला होदिनोशोनी म्हणतात, म्हणजे लांबघर, अनेक कुटुंबांचं मिळून एकच लांबलचक घर, बांधणारे लोक. ही एक जमात नाही, राष्ट्रांचा संघ आहे. पूर्वेकडून पश्चिमेकडे मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायूगा आणि सेनेका अशी मूळ पाच राष्ट्रं आजच्या न्यूयॉर्क राज्यात ओळीने राहत होती. सहावं टस्करोरा. नॉर्थ कॅरोलायनातल्या गोऱ्या वसाहतींशी झालेल्या युद्धात ते उद्ध्वस्त झाले आणि उत्तरेला आश्रयाला आले. १७२२ च्या सुमारास त्यांना संघात घेतलं गेलं. मोहॉक हे नावही त्यांचं नाही, शेजारच्या शत्रूंनी दिलेलं आहे आणि त्याचा अर्थ 'माणसं खाणारे'. ते स्वतःला गारगोटीच्या प्रदेशातले लोक म्हणवतात. त्यांच्या भाषेत आपला अख्खा पवर्ग नाही. प नाही, ब नाही, म नाही. ओठ मिटण्याची गरजच पडत नाही, त्यामुळे 'मोहॉक' हा शब्द मोहॉक भाषेच्या ध्वनींत बसतच नाही.

आता तुम्ही राहणार आहात त्या जागेविषयी. सिराक्यूज शहर ओनोंडागा सरोवराच्या काठावर आहे. होदिनोशोनींच्या परंपरेनुसार संघाची स्थापना याच सरोवरापाशी झाली, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो. युद्धं आणि तह नंतर सांगेन. ही एक कथा कळली नाही, तर बाकीचा इतिहास नुसती सनावळी होतो.

एक काळ असा होता की पाचही राष्ट्रं एकमेकांच्या जिवावर उठली होती. एकाचा माणूस मारला की त्याच्या घरचे सूड घ्यायचे, मग त्याचा सूड, मग त्याचाही. ओंटारिओ सरोवराच्या उत्तर काठावर, ह्यूरॉन लोकांत, एक मुलगा जन्मला. त्याचं नाव एरवी घेत नाहीत, विधीच्या वेळीच घेतात. म्हणून मीही इथे त्याला शांतिदूतच म्हणतो. तो पांढऱ्या दगडाच्या होडीतून सरोवर ओलांडून आला. त्याचं म्हणणं मान्य करणारी पहिली व्यक्ती एक बाई होती, जिगोनसासे. योद्ध्यांच्या वाटेवर तिचं घर होतं आणि कुठल्याही बाजूचा योद्धा आला तरी ती त्याला जेवू घालायची. तिने शांतीचा शब्द स्वीकारला, म्हणून प्रमुख निवडण्याचा हक्क बायकांकडे राहिला असं परंपरा सांगते. मोहॉकांनी शांतिदूताची परीक्षा घेतली. कोहोझच्या धबधब्यावर झुकलेल्या झाडावर त्याला चढवलं आणि झाड तोडलं. सकाळी पाहतात तर तो पलीकडे शेकोटी पेटवून बसलेला.

याच काळात हायावाथा नावाच्या माणसाच्या मुली एकामागून एक मेल्या. ताडोडाहो नावाच्या ओनोंडागा प्रमुखाच्या करणीमुळे मेल्या असं म्हणत. हा ताडोडाहो सात ठिकाणी वाकडा होता आणि त्याच्या केसांत साप वळवळत असत. मुली गेल्यावर हायावाथा गाव सोडून रानात निघून गेला. एका तळ्यापाशी पोचला तेव्हा बदकांचा थवा पाण्यासकट वर उठला आणि उघड्या पडलेल्या तळावर शिंपले दिसले. त्याने त्यांचे मणी ओवून तीन माळा केल्या, दोन काठ्या रोवून आडव्या दांडीवर टांगल्या, आणि स्वतःशीच बोलू लागला: माझ्यासारखं दुःखाने वाकलेलं कुणी मला भेटलं असतं, तर या माळा हातात घेऊन मी त्याचं सांत्वन केलं असतं. पण त्याचं सांत्वन करायला कुणी नव्हतं. रोज संध्याकाळी तो हेच म्हणायचा. शेवटी शांतिदूताने ते ऐकलं. तो जवळ आला, त्याच माळा उचलल्या आणि हायावाथाचेच शब्द त्याला ऐकवले. पहिल्या माळेने डोळ्यांतलं पाणी पुसलं, म्हणजे दिसेल. दुसरीने कान मोकळे केले, म्हणजे ऐकू येईल. तिसरीने घशात दाटलेलं काढलं, म्हणजे बोलता येईल. हायावाथा शुद्धीवर आला.

मग दोघे ताडोडाहोकडे गेले. त्याला मारलं नाही. गाणं म्हणत गेले, त्याचं अंग सरळ केलं, केसांतले साप विंचरून काढले, आणि संघाचा पहिला मान त्यालाच दिला. हायावाथा या नावाचा एक अर्थ 'विंचरणारा' असाही सांगतात. सरोवराकाठी त्यांनी पांढरा पाइन वृक्ष रोवला. त्याची चार पांढरी मुळं चार दिशांना गेली, म्हणजे कुणालाही त्यांचा माग काढत सावलीत येता यावं. शेंड्यावर दूरचं पाहणारा गरुड बसला आणि मुळांखाली शस्त्रं पुरली गेली. पाच बाण एकत्र बांधले, एकटा मोडतो, जुडी मोडत नाही. मोळीच्या गोष्टीमुळे हे आपल्याला ओळखीचं वाटेल, पण तिथे ती बोधकथा नाही, संघाच्या घटनेचं कलम आहे.

ताडोडाहो हे आजही पद आहे. ओनोंडागा राष्ट्राच्या ज्या माणसाला ते मिळतं, तो संघाच्या सभेचा प्रमुख असतो. आणि त्या तीन माळांचे शब्द आजही बोलले जातात. संघाचा एखादा प्रमुख वारला की पाच राष्ट्रं दोन बाजूंत विभागतात. दुःख झालेली बाजू बसते, दुःख न झालेली बाजू चालत येते, आणि रानाच्या कडेला थांबून आधी डोळे, कान, घसा मोकळा करण्याचे शब्द म्हणते. त्यानंतर सगळ्या मूळ प्रमुखांची नावं क्रमाने गाऊन घेतली जातात. ती लक्षात राहावीत म्हणून एका काठीवर पन्नास खुंट्या असतात. हे सगळं झाल्यावरच नवा माणूस जुन्या नावावर, म्हणजे मूळ प्रमुखाच्या पदावर, उभा केला जातो. सतराव्या-अठराव्या शतकात फ्रेंच, डच, इंग्रज राज्यपालांनाही हे शिकावं लागलं. त्यांच्या तहांच्या नोंदी वाचल्या तर सुरुवातीला पानंच्या पानं मृतांविषयी सांत्वन आणि माळांची देवाणघेवाण येते. शिकवायला लागल्यावर पहिली काही वर्षं मीही ती पानं ओलांडून तहाच्या अटींकडे जायचो. मग लक्षात आलं की त्यांच्या लेखी ती पानं हाच तह होता. शोकात असलेला माणूस नीट पाहू शकत नाही, ऐकू शकत नाही, म्हणून त्याच्याशी करार होऊ शकत नाही. राज्यशास्त्राच्या मुळाशी शोकाचा विचार ठेवणारा दुसरा समाज माझ्या वाचनात नाही.

संघ नेमका कधी झाला, यावर वाद आहे. कथेत सूर्यग्रहणाचा उल्लेख येतो, त्यावरून काही अभ्यासक ११४२ साल सांगतात. पुरातत्त्वाचे बहुतेक अभ्यासक पंधराव्या-सोळाव्या शतकाकडे झुकतात. युरोपीय येण्याआधी तो उभा होता, यावर मात्र दोन्हीकडे एकमत आहे.

सभेत पन्नास जागा. ओनोंडागांच्या १४, कायूगांच्या १०, मोहॉक आणि ओनायडांच्या प्रत्येकी ९, सेनेकांच्या ८. जागा समान नाहीत हे पाहून विद्यार्थी नेहमी विचारायचे, मग ओनोंडागांचं वर्चस्व नव्हतं का? नव्हतं, कारण डोकी मोजून मतदान नव्हतं. मोहॉक आणि सेनेका हे थोरले भाऊ, ते आधी विचार करून शब्द आगीच्या पलीकडे टाकतात. ओनायडा आणि कायूगा हे धाकटे, ते त्यावर बोलतात. दोघांचं जुळलं की मधल्या आगीचे राखणदार ओनोंडागा ते पक्कं करतात, जुळलं नाही तर परत पाठवतात. सगळ्यांचं मन एक होईपर्यंत निर्णय नाही. कधीकधी निर्णय झालाच नाही, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. ते पुढे येईल. एक वाक्य तुम्हाला तिकडे भिंतींवर, पिशव्यांवर दिसेल, सात पिढ्यांचा विचार करा असं. लिहून घेतलेल्या महाकायद्यात, म्हणजे संघाच्या घटनेत, सात हा आकडा वेगळ्या जागी येतो, तिथे प्रमुखाची कातडी सात वीत जाड असावी असं म्हटलं आहे, म्हणजे टीका आणि राग त्याला टोचू नये. पुढच्या पिढ्यांविषयीचं वाक्यही आहे, आणि ते मला त्या भिंतीवरच्या वाक्यापेक्षा सुंदर वाटतं. ज्यांचे चेहरे अजून जमिनीखाली आहेत, त्यांच्याकडे पाहून निर्णय घ्या.

प्रमुख पुरुष असतात, पण त्यांना नेमतात कुळमाता, आणि काढतातही त्याच. प्रमुखपदाची खूण म्हणजे हरणाची शिंगं. तीनदा समज देऊनही प्रमुख चुकत राहिला तर ती शिंगं उतरवली जातात. कुळ आईचं. मोहॉक आणि ओनायडांत अस्वल, लांडगा, कासव अशी तीन कुळं, इतरांत ससाणा, बगळा, हरीण अशी आणखी. एकाच कुळात लग्न नाही. लांबघर बायकांचं, नवरा तिथे राहायला जायचा. एल्म झाडाच्या सालीने शाकारलेलं हे घर साधारण सहा मीटर रुंद आणि कुटुंबं वाढतील तसं लांबत जायचं, काही तर शंभर मीटरच्या पुढे गेलेली उत्खननात सापडली आहेत. मधल्या वाटेवर ओळीने चुली, आणि एका चुलीवर समोरासमोरची दोन कुटुंबं. त्यांनी आपला संघही असाच कल्पिला. मोहॉक पूर्व दाराचे राखणदार, सेनेका पश्चिम दाराचे, मधली आग ओनोंडागांची. शेत बायकांचं, कोठार बायकांचं. लढाई नको असेल तर त्या वाटेची शिदोरीच देत नसत.

इथे जरा रेंगाळतो, कारण मराठी माणसाला यातली एक गोष्ट इतर अनेकांपेक्षा लवकर कळते. सेनेका भाषेत बापाच्या भावाला बापच म्हणतात आणि आईच्या बहिणीला आई. त्यांची मुलं ती सख्खी भावंडं. मामा आणि आत्या यांच्यासाठी मात्र वेगळे शब्द, आणि त्यांच्या मुलांसाठीही वेगळा शब्द. लुईस हेन्री मॉर्गन या न्यूयॉर्कच्या वकिलाने हे नोंदवलं आणि १८६० च्या सुमारास त्याला जवळपास हीच रचना तमिळ आणि तेलुगू भाषांत सापडली. तो थक्क झाला. मानवशास्त्रात या रचनेला आजही इरोक्वाय पद्धत म्हणतात. मी वर्गात हे शिकवताना फळ्यावर एवढंच लिहायचो: चुलतभाऊ, मावसभाऊ एका बाजूला, मामेबहीण, आतेबहीण दुसऱ्या बाजूला. सगळ्या वर्गाला क्षणात समजायचं, कारण मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडच्या अनेक समाजांत चालतं आणि मावशीच्या मुलीशी चालत नाही. फरकही सांगायला हवा. दक्षिणेत ही रचना अशा लग्नाभोवती गुंफलेली आहे, होदिनोशोनींत तसं लग्न करण्याची रीत नाही. आणि त्यांच्यात मामाचं महत्त्व आणखी पुढे जातं. मुलगा बापाच्या कुळाचा नसतो, त्यामुळे प्रमुखाचं नाव बापाकडून मुलाकडे जात नाही. मामाकडून भाच्याकडे जाऊ शकतं. मराठीत मार्क्सवाद वाचणाऱ्या पिढीला हे लोक एंगल्समुळे माहीत झाले, त्याने १८८४ मध्ये मॉर्गनच्या आधारे कुटुंबसंस्थेविषयी लिहिलं. मॉर्गनला हे सगळं उलगडून दाखवणारा तरुण सेनेका ईली पार्कर मात्र कमी जणांना माहीत आहे. अमेरिकी यादवी युद्धात तो जनरल ग्रँटचा सहायक होता आणि १८६५ मध्ये अ‍ॅपोमॅटॉक्सला दक्षिणेच्या शरणागतीच्या अटींची स्वच्छ प्रत त्याच्या हातची आहे.

दंतकथा. हा शब्द तिकडे बोलताना जपून वापरा, त्यांच्यासाठी यातल्या बऱ्याच कथा पवित्र आहेत. जगाची सुरुवात अशी: वर आकाशलोक होता आणि खाली नुसतं पाणी. आकाशलोकातलं एक झाड उपटलं गेलं आणि त्या भोकातून एक गरोदर बाई खाली पडली. पाणपक्ष्यांनी पंख एकमेकांत गुंतवून तिला झेललं. पण ठेवायचं कुठे? कासव पुढे आलं. तळाची माती आणायला एकामागून एक प्राणी बुडाले. शेवटी एवढ्याशा मस्करॅटने, म्हणजे पाणउंदरासारख्या प्राण्याने, पंजात चिमूटभर माती आणली. बाईने ती कासवाच्या पाठीवर पसरली, ती त्यावर गोल गोल चालत राहिली, आणि जमीन वाढत गेली. उत्तर अमेरिकेला कासवबेट म्हणतात ते यावरून. तिला मुलगी झाली, मुलीला जुळे मुलगे. एक सरळ मनाचा, दुसरा गारगोटीसारखा. दुसऱ्याने जन्मतानाच आईचा जीव घेतला. तिला पुरलं तिथून मका, घेवडा आणि भोपळा उगवले. जुळ्यांनी मिळून जग घडवलं. एकाने नद्या दोन्हीकडे वाहतील अशा केल्या, दुसऱ्याने त्या वेड्यावाकड्या करून धबधबे घातले. कासव म्हटल्यावर आपल्याला कूर्मावतार आठवतो. तो बाजूला ठेवा. तिथे कासव देव नाही, जागा देणारा शेजारी आहे, आणि कथेचा सगळा जीव त्यातच आहे.

मका, घेवडा, भोपळा या तीन बहिणी. एकाच उंचवट्यावर लावायच्या. मक्याच्या ताटावर घेवडा चढतो आणि जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पानं खाली सावली धरतात, तण दाबतात. आपल्या शेतकऱ्याला मिश्र पीक समजावून सांगावं लागणार नाही. मका ते राखेच्या पाण्यात उकळून त्याचं टरफल काढतात, त्यामुळे त्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं, नाहीतर नुसता मका खाणाऱ्यांना पेलाग्रा हा आजार होतो. त्या सोललेल्या मक्याचं सूप तिकडे कुठल्याही सामाजिक कार्यक्रमात मिळेल. जरूर चाखा, पण त्यात बहुधा डुकराचं मांस असतं, आधी विचारून घ्या.

गोष्टी हिवाळ्यातच सांगायच्या, बाहेर बर्फ असताना, हा नियम आहे. गोष्टी आल्या कुठून, याचीही सेनेका लोकांत एक गोष्ट आहे, आणि मला ती सगळ्यांत प्रिय आहे. एक पोरका मुलगा पाखरं मारायला रानात गेला. दमून एका मोठ्या दगडावर बसला, तर दगड म्हणाला, गोष्ट सांगू? मुलाने विचारलं, गोष्ट म्हणजे काय? दगड म्हणाला, फार पूर्वी घडलेलं ते. आधी तुझी पाखरं मला दे. मुलाने पाखरं ठेवली, दगडाने संध्याकाळपर्यंत सांगितलं. रोज असंच. घरच्यांना संशय आला, पाखरं कमी का येतात? एक मुलगा मागावर गेला, तोही बसून राहिला. मग दोन माणसं गेली, मग अख्खं गाव. प्रत्येकाने काहीतरी आणून दगडावर ठेवलं. शेवटच्या दिवशी दगड म्हणाला, माझं सांगून संपलं. आता तुम्ही जपा, सांगा, आणि गोष्ट सांगणाऱ्याला काहीतरी देत जा. म्हणून आजही गोष्ट ऐकायला जाताना रिकाम्या हाताने जायचं नसतं.

दोन चुका टाळा. लाँगफेलो या अमेरिकी कवीचं हायावाथावरचं १८५५ चं दीर्घकाव्य वाचून तुम्हाला हायावाथा कळणार नाही. त्याने नाव होदिनोशोनींचं घेतलं आणि कथा ओजिब्वे या दुसऱ्याच लोकांच्या, त्यांच्या नानाबोझो या कथानायकाच्या घेतल्या. मुली गमावलेला, माळा ओवणारा माणूस त्यात नाहीच. दुसरी चूक नायगाऱ्याची. तुम्ही जाणारच, आपली सगळीच माणसं जातात. दरवर्षी एका कुमारिकेला धबधब्यात बळी देत असत ही गोष्ट तिथल्या पर्यटकांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ती गोऱ्यांनी रचलेली आहे. होदिनोशोनींत असा बळी कधीच नव्हता, आणि त्यांच्या आक्षेपानंतर १९९० च्या दशकात ती पर्यटकांच्या बोटीवरून सांगणं थांबलं. सेनेकांची खरी कथा वेगळी आहे. आयुष्याला विटलेली एक तरुणी होडीसह धबधब्यावरून जाते, पण खाली पडत नाही. पाण्याच्या पडद्यामागे राहणारा मेघगर्जनेचा देव हेनो तिला झेलतो. तिच्या गावात लोक का मरतात हे तो तिला सांगतो: जमिनीखालचा प्रचंड साप पाणी विषारी करतो. ती गावाला सावध करते. हेनो सापाला वीज घालतो आणि त्याचं धूड कड्यावर वाकडं अडकतं. घोड्याच्या नालेसारखा आकार तेव्हाचा.

आता इतिहास, भराभर. १६०९ मध्ये शांप्लँ या फ्रेंचाने आज त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरोवराकाठी मोहॉकांवर बंदूक चालवली आणि त्यांचे प्रमुख मारले. १६३४ च्या सुमारास देवीच्या साथीने मोहॉकांची अर्ध्याहून जास्त माणसं गेली. मग बीव्हर या पाणप्राण्याच्या कातड्यांसाठी बंदुकांनिशी लढाया सुरू झाल्या. इथे मी त्यांची बाजू सावरून घेणार नाही. शांतीचा महाकायदा संघातल्या राष्ट्रांपुरता होता. १६४९ मध्ये त्यांनी ह्यूरॉनांचा प्रदेश उद्ध्वस्त केला, शांतिदूत ज्या लोकांत जन्मला त्यांचाच. त्या लढायांना अभ्यासक शोकयुद्धं म्हणतात. मेलेल्याची जागा भरायला कैदी आणायचा, त्याला एकतर छळून मारायचं किंवा मेलेल्याचंच नाव देऊन घरात घ्यायचं. काही गावांत दत्तक आलेले मूळच्यांहून जास्त झाले होते असं जेझुइट पाद्री लिहितात. सांत्वनाची तीच गरज, दुसऱ्या टोकाला गेलेली. शेवटी १७०१ मध्ये मॉन्ट्रियलला फ्रेंच आणि जवळपास चाळीस राष्ट्रांशी मोठा तह झाला आणि पुढची पन्नासेक वर्षं त्यांनी फ्रेंच आणि इंग्रज यांच्या मधोमध तोल सांभाळला.

तो तोल अमेरिकी क्रांतीत गेला. १७७७ मध्ये सभेचं एकमत होईना, तेव्हा प्रत्येक राष्ट्राने आपापलं ठरवलं. ओनायडा आणि टस्करोरा बहुतांशी अमेरिकनांकडे गेले, बाकीचे बहुतांशी ब्रिटिशांकडे. त्याच ऑगस्टमध्ये ओरिस्कनीच्या दरीत ते एकमेकांवर चालून गेले. १७७९ मध्ये वॉशिंग्टनने जनरल सलिव्हनला पाठवलं. त्याच्या फौजेने चाळीसहून जास्त गावं जाळली, उभा मका कापला, फळबागा तोडल्या. सैनिकांच्या रोजनिशा वाचल्या तर शेतं किती सुपीक होती याचं आश्चर्य आणि ती जाळल्याची नोंद एकाच पानावर असते. त्या हिवाळ्यात हजारो लोक नायगारा किल्ल्यापाशी उपासमारीत आणि थंडीत राहिले, अनेक मेले. होदिनोशोनी भाषांत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला आजही 'गावं उद्ध्वस्त करणारा' म्हणतात. १७९० मध्ये कॉर्नप्लँटर या सेनेका प्रमुखाने वॉशिंग्टनला तोंडावर सांगितलं की हे नाव ऐकलं की आमच्या बायका मागे वळून पाहतात आणि मुलं आईच्या गळ्याला मिठी मारतात. १७८३ चा शांततेचा तह ब्रिटन आणि अमेरिकेत झाला, त्यात यांचा उल्लेखही नाही. मोहॉक नेता जोसेफ ब्रँट अनेकांना घेऊन कॅनडात ग्रँड नदीकाठी गेला. १७८४ मध्ये नदीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा मैल जमीन दिली गेली. तिच्यातली पाच टक्केही आज त्यांच्या हाती नाही. टोरांटोकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना ब्रँटफर्ड हे गाव माहीत असेल, ते नाव ब्रँटचंच.

राज्यघटनेचा प्रश्न आता सोपा आहे. १७४४ मध्ये लँकेस्टरच्या तहात ओनोंडागा वक्ता कनासटेगो याने वसाहतींना सांगितलं की आमच्या पूर्वजांनी पाच राष्ट्रांची एकी केली, तुम्हीही करा. तहाची ती नोंद बेंजामिन फ्रँकलिननेच छापली आणि १७५४ मध्ये ऑल्बनीला वसाहतींच्या संघाची योजना मांडली. अमेरिकी काँग्रेसने १९८८ मध्ये हा प्रभाव मान्य करणारा ठरावही केला. वेगवेगळी राज्यं संघ करूनही स्वतःचं घर राखू शकतात हे त्यांनी डोळ्यांसमोर पाहिलं, एवढं माझ्या मते नक्की. पण घटना यांच्यावरून उतरवली असं म्हणणं चूक आहे. तिच्यात बहुमत आहे, इथे एकमत. आणि तिने घेतलं नाही ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रमुखाला पदावरून उतरवणाऱ्या बाया, घटना लिहिली गेली त्या फिलाडेल्फियाच्या सभागृहात कुणाला आठवल्या नाहीत. त्या आठवल्या पुढच्या शतकात मटिल्डा जोस्लिन गेजला. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी ही बाई सिराक्यूजजवळच्या फेएटव्हिलला राहायची. गोरी विवाहिता कायद्याने कुणीच नव्हती तेव्हा शेजारच्या होदिनोशोनी बायकांचं घर, शेत आणि मुलं त्यांची होती, हे तिने लिहिलं.

नंतरचं शतक जमिनी जाण्याचं, दारूचं आणि मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांचं. त्यातच १७९९ मध्ये हँडसम लेक या आजारी सेनेका माणसाला दृष्टान्त झाले. दारू सोडा, घर सांभाळा, जुने सण टिकवा, ही त्याची शिकवण आजही लांबघरांत पाठ म्हटली जाते.

आणि लोखंडाचं काम. मॉन्ट्रियलजवळच्या काह्नवाकेचे मोहॉक १८८६ पासून पुलांच्या उंच सांगाड्यांवर काम करू लागले. २९ ऑगस्ट १९०७ ला क्वेबेकचा अर्धवट पूल कोसळला, ७५ कामगार मेले, त्यातले ३३ एकट्या काह्नवाकेचे. त्यानंतर गावच्या बायकांनी सांगितलं की सगळे पुरुष पुन्हा एकाच कामावर जाणार नाहीत. ते पांगले आणि न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींचं पोलाद त्यांनी चढवलं. त्यांना उंचीची भीती वाटत नाही असं सर्रास लिहितात. भीती वाटते, त्यांनीच वारंवार सांगितलंय, ते फक्त तिच्यासह काम करायला शिकले.

सिराक्यूजमध्ये काय पाहाल? सरोवराकाठी लिव्हरपूल या गावी स्कानों नावाचं केंद्र आहे, शांतीच्या महाकायद्याविषयीचं. स्कानों म्हणजे शांती, क्षेम. भेटल्यावरही हाच शब्द. त्या सरोवरात कारखान्यांनी इतका पारा सोडला की १९९४ मध्ये ते देशातल्या सर्वांत दूषित जागांच्या यादीत गेलं. पोहण्यावर तर १९४० पासूनच बंदी. अलीकडे बरीच सफाई झाली आहे. काठावर उभ्या राहाल तेव्हा शस्त्रं कुठे पुरली होती तेही आठवा. व्हिक्टर या गावाजवळ गनोंडागन इथे सालीचं लांबघर पुन्हा बांधलेलं आहे, जिगोनसासेची आठवण त्या जागेशी जोडलेली आहे. शहराच्या दक्षिणेला ओनोंडागा राष्ट्राची हद्द लागते. तिथे आजही कुळमातांनी नेमलेल्या प्रमुखांचंच राज्य आहे, कॅसिनो नाही. ते वस्तीचं गाव आहे, बोलावल्याशिवाय फिरू नका, विधींचे फोटो काढू नका. लाकडी मुखवटे कुठे विकायला किंवा मांडलेले दिसले तर घेऊ नका. ते औषधाचे मुखवटे आहेत, त्यांचं प्रदर्शन करू नये असं संघाने जाहीरपणे सांगितलं आहे. लॅक्रोसचा, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायच्या खेळाचा, सामना मात्र जरूर बघा. तो खेळ निर्मात्याने दिला असं ते मानतात, मुलगा जन्मला की पाळण्यात छोटी काठी ठेवतात. त्यांचा लॅक्रोसचा चमू स्वतःच्या पासपोर्टवर प्रवास करतो. २०१० मध्ये ब्रिटनने तो पासपोर्ट नाकारला, तेव्हा जागतिक स्पर्धा सोडून ते घरी राहिले, दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला नाही.

नोव्हेंबरपर्यंत तिथे असाल तर ११ तारखेला कॅनंडाइग्वाला जा, मुलाच्या गाडीने दीडेक तासात पोचाल. १७९४ मध्ये याच दिवशी तिथे वॉशिंग्टनच्या सरकारने सहा राष्ट्रांशी तह केला आणि त्यांच्या जमिनीला हात लावणार नाही असं लिहून दिलं. तो मोडला गेला. १९६५ मध्ये किन्झुआ धरणाखाली सेनेकांची सुमारे १०,००० एकर जमीन गेली. पण तहात दरवर्षी साडेचार हजार डॉलरचं सामान देण्याचं कलम होतं, आणि ते अजून पाळलं जातं. रक्कम तीच असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला येणारं सुती कापड वर्षागणिक कमी होत गेलं. एकदा सरकारने त्याऐवजी एकरकमी पैसे देऊ केले होते, त्यांनी नाकारले. कोर्टाच्या इमारतीसमोर लोक जमतात, आधी माणसांपासून पाणी, मासे, झाडं, वारा, चंद्र, ताऱ्यांपर्यंत सगळ्यांचे आभार मानले जातात, प्रत्येकानंतर 'आता आमची मनं एक झाली' असं म्हटलं जातं. मग ते वीतभर कापड उंच धरून सगळ्यांना दाखवतात. कार्यक्रम सगळ्यांना खुला असतो. थंडी असेल, शाल न्या.